गाडीतलं सॉकेट बंद पडलं तर: फ्यूज बदलण्याआधी आणि बदलताना

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातली हवा उतरायला लागली. डिकीत हवा भरायचा पंप होता, त्यामुळे मी निवांत होते. डॅशबोर्डच्या सॉकेटला तीन तोंडांचा स्प्लिटर लावला. एका तोंडाला पंप, दुसऱ्याला भावाच्या लॅपटॉपसाठी आणलेला छोटा इन्व्हर्टर, तिसऱ्याला माझा फोन. पंप तीन-चार मिनिटं घरघरला आणि एकदम गप्प झाला. इन्व्हर्टरचा दिवा गेला, फोनचं चार्जिंगही गेलं. फोनला रेंज नव्हतीच. मग भर पावसात, घसरत्या जॅकशी भांडत स्टेपनी बदलली.

पुण्यात आल्यावर घराजवळच्या एका अॅक्सेसरीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने दोन मिनिटांत फ्यूज बदलला आणि म्हणाला, "मॅडम, आता परत नाही उडणार." आणि खरंच नाही उडाला. महिन्याभराने पुन्हा तोच पंप आणि तोच इन्व्हर्टर एकत्र लावून चारही चाकांत हवा भरली. नंतर प्लग उपसायला गेले तर टोकाने चटका दिला. स्प्लिटरच्या प्लॅस्टिकची कड मऊ पडून एका बाजूला कलली होती. तेव्हा पहिल्यांदा फ्यूजच्या डब्यात डोकावले. झाकणावर १५ छापलेलं होतं आणि त्या जागेवर हिरवा फ्यूज बसला होता. हिरवा म्हणजे ३० अँपिअरचा.

तिथून पुढे मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. ज्यांनी आजवर गाडीचं बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी.

फ्यूज कशाची राखण करतो

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात मीटरच्या फळीवर पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. दिवाळीत माळा लावल्या की फ्यूज जायचा. मी मेणबत्ती धरायची, बाबा तार बांधायचे. दुसऱ्यांदा गेला की तारेचे दोन पेड, तिसऱ्यांदा गेला की शेजारचे काका कुठलीतरी तांब्याची वायर सोलून द्यायचे, आणि मग दिवाळी संपेपर्यंत फ्यूज जात नसे. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात तीच सवय आहे. दुकानातल्या त्या मुलाच्याही हातात तीच होती.

फ्यूज तुमच्या फोनची किंवा पंपाची काळजी घ्यायला बसवलेला नसतो. डॅशबोर्डच्या मागून सॉकेटपर्यंत गेलेली वायर किती करंट सोसेल, ते पाहून गाडी बनवणारे फ्यूजचा आकडा ठरवतात. करंट त्यापलीकडे गेला की फ्यूजमधली पातळ पट्टी वितळते आणि रस्ता तुटतो. पंधराच्या जागी तीसचा घातला की आधी वायर तापते. ती वायर कार्पेट, फोम आणि प्लॅस्टिकच्या मधून गेलेली असते आणि तापलेली कळतही नाही.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. सॉकेटच्या झाकणावर बहुतेक गाड्यांत '१२ व्होल्ट, १२० वॅट' असं लिहिलेलं असतं. म्हणजे १० अँपिअर. फ्यूज मात्र बऱ्याचदा १५ चा, काही गाड्यांत २० चा असतो, कारण फ्यूज सतत त्याच्या पूर्ण आकड्यावर चालवत नाहीत. साधारण पाऊणपट लोड धरायचा असतो, तो पंधराला सव्वाअकरा येतो. ताम्हिणीत माझा पंप १५० वॅटचा होता, म्हणजे साडेबारा अँपिअर. लॅपटॉपचा चार्जर ९० वॅटचा, म्हणजे साडेसात, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं. बेरीज वीसच्या वर गेली. फोनचं नावही घ्यायला नको, २० वॅटचा चार्जर दोन अँपिअरसुद्धा ओढत नाही.

मग तीन-चार मिनिटं चाललं कसं? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ब्लेड फ्यूज, म्हणजे गाडीतला हा चपट्या पायांचा रंगीत फ्यूज, आकडा ओलांडल्याबरोबर उडत नाही. ३५ टक्के जास्त लोड आला तर तो सेकंदाभरातही जाऊ शकतो किंवा कित्येक मिनिटं तगही धरू शकतो. दुप्पट लोड आला तर मात्र पाच सेकंदांच्या आत जायला हवा. पंधराला ३५ टक्के जास्त म्हणजे वीसच्या थोडं वर. नेमके तिथेच आम्ही होतो.

फ्यूजवर आळ घेण्याआधी

सॉकेट बंद दिसलं की निम्म्या वेळा फ्यूज ठणठणीत असतो. आधी किल्ली कुठे आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांत किल्ली एसीसीवर (इंजिन सुरू न करता टेप वगैरे चालतो त्या खुणेवर) आणल्याशिवाय सॉकेटला करंट येत नाही. बटण-स्टार्ट गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबा. मग प्लग नीट दाबून, जरा फिरवून बसवा. सॉकेटच्या तळाशी मधोमध जो ठिपका असतो तो प्लस आणि आजूबाजूचं धातूचं कडं मायनस. चार्जरच्या टोकावरची स्प्रिंग त्या ठिपक्याला टेकली नाही तर काहीच होत नाही.

दुसरा चार्जर लावून बघा. तो चालला तर दोष पहिल्या चार्जरचा. हवेच्या पंपाच्या प्लगचं टोक बहुतेक वेळा आट्यांचं असतं. ते फिरवून उघडलं की आत काचेचा छोटा फ्यूज निघतो. तोच उडालेला असेल तर गाडीच्या डब्याला हात लावायची गरज नाही.

हे आट्यांचं टोक आणखी एक उद्योग करतं. स्वस्तातल्या चार्जरचं टोक हळूहळू सैल होतं, एक दिवस चार्जर उपसला की टोक, स्प्रिंग आणि तो काचेचा फ्यूज सॉकेटच्या आतच राहतात. धातूचं ते टोक तळाचा ठिपका आणि बाजूचं कडं यांना एकदम टेकलं की शॉर्ट. मोबाईलच्या टॉर्चने सॉकेटमध्ये बघा. केसांची पिन, चॉकलेटची चांदी, स्टेपलरची पिन, काहीही सापडतं. दिसलं तरी लगेच चिमट्याने काढायला जाऊ नका. आधी फ्यूज काढायचा, मग लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्याने ते बाहेर.

गाडीतला टेप किंवा आरशाचं बटणही सॉकेटबरोबरच बंद पडलं असेल तर ती खूण लक्षात ठेवा. काही गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन-तीन गोष्टी असतात.

डबा आणि त्यातला तो एक फ्यूज

बहुतेक गाड्यांत दोन डबे असतात. एक बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळ, काळ्या झाकणाचा. दुसरा आत, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली, किंवा दरवाजा उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला. सॉकेटचा फ्यूज बहुधा आतल्या डब्यात असतो. 'बहुधा' म्हणतेय, कारण मॉडेलप्रमाणे बदलतं. मॅन्युअलमध्ये पान शोधा आणि फोटो काढून ठेवा. सेकंडहँड गाडीबरोबर मॅन्युअल आलं नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि साल टाकून उतरवून घ्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. आपल्याला हव्या त्या जागेपुढे इंग्रजीत 'सिग', 'सिगार', 'एसीसी सॉकेट' किंवा 'पॉवर आउटलेट' असं काहीतरी, किंवा धूर निघणाऱ्या सिगरेटचं चित्र असतं. आजकाल गाडीत लायटर येत नाही, तरी चित्र तेच राहिलंय. जाता जाता: ज्या सॉकेटवर फक्त '१२ व्होल्ट' लिहिलंय त्यात जुन्या गाडीतला सिगरेट लायटर खुपसू नका. त्या सॉकेटचं प्लॅस्टिक तेवढी उष्णता सोसायला केलेलं असेलच असं नाही.

रंग एकदा पाठ केले की डब्यात बघायची मजा येते. ५ बदामी, साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. डोक्यावर आकडाही असतो, तो वाचूनच खात्री करा.

रंगाइतकंच माप महत्त्वाचं. साधा ब्लेड फ्यूज सुमारे १९ मिलिमीटर रुंद, मिनी सुमारे ११. मिनीमध्येच एक बुटका प्रकार आहे, त्याचे पाय अंगाबाहेर जेमतेम येतात. नव्या गाड्यांत याहून अरुंद मायक्रो येतात, त्यातल्या एकाला तर तीन पाय असतात. दुकानात "पंधराचा द्या" एवढंच सांगू नका. जुना फ्यूज खिशात घालून न्या.

काढणं आणि तपासणं

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली बाहेर. बटण-स्टार्टवाल्यांनी बटण बंद करून किल्ली खिशातून काढून लांब ठेवा. सॉकेटमधलं सगळं उपसा. बॉनेटखालच्या डब्यात काम असेल तर इंजिन थंड होऊ द्या, आणि अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला बांगडी एकदम टेकली तर बांगडी लाल होते. सीएनजीची गाडी असेल आणि वास येत असेल तर बॉनेट उघडून थोडं दूर उभं राहा, त्या दिवशी कुठल्याच फ्यूजला हात लावू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या केशरी वायरींपासून कायमच लांब राहा.

डॅशबोर्डखालच्या डब्यापर्यंत पोचणं ही खरी कसरत. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दरवाजा उघडून जमिनीवर गुडघे टेकले, मान ब्रेकच्या पेडलपाशी, कानाला स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक घासतंय, फोन दातात. सिक्युरिटीचे काका दोनदा येऊन विचारून गेले, "ताई, काही हरवलंय का?" फोन दातात धरू नका, पेडलला टेकवून ठेवा. तिथे पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या. त्यांना ओढू नका, हलवू नका. आणि "कुठला असेल तो" म्हणून एकेक फ्यूज उपसत बसू नका. एअरबॅग आणि ब्रेकच्या यंत्रणेचे फ्यूज त्याच रांगेत असतात.

उपसण्याआधी डब्याचा फोटो काढा. डब्यातच, बऱ्याचदा बॉनेटखालच्या झाकणात, पांढरा किंवा पिवळा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो. त्याने फ्यूजचं डोकं धरून सरळ ओढा. डावी-उजवीकडे हलवून काढला तर खालच्या खाचा सैल होतात. पक्कड वापरली तर डोकं तुटतं, मी तोडलंय.

उजेडाकडे धरून बघा. दोन पायांना जोडणारी पट्टी इंग्रजी 'एस'सारखी किंवा कमानीसारखी सलग दिसली तर फ्यूज शाबूत. मध्ये फट, काळा डाग, वितळलेला मणी दिसला तर गेलेला. कधीकधी पट्टी सलग असते पण प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, कडा वितळलेल्या. तेव्हा खाच सैल होऊन तिथेच गरम होत आलंय असं समजा. तिथे नवा फ्यूज घालून भागत नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर मल्टीमीटर (करंट-व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) बीपवर लावून दोन पायांना टेकवा. वाजला तर ठीक. फ्यूज न काढताही तपासता येतं. डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. त्यासाठी किल्ली पुन्हा ऑनवर आणा, बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर त्या फ्यूजपर्यंत करंटच येत नाही. मल्टीमीटरने व्होल्टेज बघणार असाल तर लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली नाही ना, ते आधी बघा. तशीच राहिली तर मीटरच शॉर्टचं काम करतो.

बसवणं

फ्यूज का उडाला ते कळलं की मगच नवा घाला. लोड जास्त होता? स्प्लिटर काढा. सॉकेटमध्ये काही पडलं होतं? ते काढा, आणि फ्यूज बाहेर असतानाच मल्टीमीटर बीपवर लावून तळाच्या ठिपक्याला आणि बाजूच्या कड्याला टेकवा. सॉकेट रिकामं असताना बीप वाजायला नको. वाजला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूजही जाईल.

झाकणावर छापलेला आकडा आणि तेच माप घ्या. जागेवर जो होता त्यावर विसंबू नका, तो आधी कुणी घातलाय कुणास ठाऊक. दोन्ही पाय खाचांवर सरळ आले की अंगठ्याने शेवटपर्यंत दाबा. बाजूच्या फ्यूजइतकाच खाली गेला पाहिजे. उलट-सुलट काही नसतं. किल्ली ऑन करा आणि आधी फक्त फोनचा चार्जर लावून बघा, पंप नंतर.

तोच आकडा जवळ नसेल तर कमी आकड्याचा तात्पुरता चालतो. पंधराच्या जागी लाल दहाचा घालून फोन आरामात चार्ज होतो, पंप लावला तर उडू शकतो इतकंच. जास्तीचा मात्र कधीच नको, आणि चांदी किंवा वायर गुंडाळणं तर नकोच नको. अगदी अडलं तर मागच्या वायपरचा किंवा टेपचा त्याच आकड्याचा आणि मापाचा फ्यूज उसना घेता येतो. हेडलाइट, हॉर्न, ब्रेक, एअरबॅग यांचा घेऊ नका. सीएनजी किटच्या वायरवर जो वेगळा फ्यूज असतो, त्यालाही हात नको.

परत उडाला तर

एकदा उडणं समजू शकतो. सॉकेट रिकामं असूनही नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालू नका. बहुधा वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पुण्यात याची दोन कारणं वारंवार ऐकू येतात. एक म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, जे पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. काळ्या लेंड्या, कापूस, पेपरचे तुकडे दिसले तर कारण सापडलं समजा. दुसरं म्हणजे डॅशकॅम बसवणाऱ्याने सॉकेटची वायर सोलून मारलेला जोड, ज्यावरची चिकटपट्टी उन्हात सुटलेली असते. डॅशकॅम बसवून घेताना "वायर कुठून घेतली आणि फ्यूज कितीचा घातला" हे उभं राहून विचारा. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर सोलायला आधीच नाही म्हणा.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना कुठला फ्यूज, किती वेळा, काय लावलेलं असताना उडाला हे सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो, आणि तुमचे पैसे.

जवळ काय ठेवायचं

गाडीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्पसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्हीकडे गाडी न नेता जा, पार्किंगच्या शोधात जाणारा वेळ फ्यूज बदलण्यापेक्षा जास्त असतो. सुटा ब्लेड फ्यूज किरकोळ किमतीत मिळतो. शंभर-दीडशे रंगीत फ्यूजचं अगदी स्वस्त पाकीट मात्र मी घेत नाही. त्यातल्या काहींची पट्टी इतकी जाड असते की आकड्यावर वितळतच नाहीत, म्हणजे निळ्या अंगात हिरवा बसलेला. ओळखीच्या कंपनीचे मोजके घ्या: आपल्या मापाचे १० चे दोन, १५ चे चार, २० चे दोन.

हवेच्या पंपाबद्दल एक राहिलं. तो एकटाच सॉकेटला लावा आणि खोक्यावरचे वॅट सॉकेटच्या १२० शी ताडून बघा. जास्त वॅटचा असेल तर बॅटरीला थेट लावायच्या क्लिपांचा पंप घ्या. हवा भरताना इंजिन चालू ठेवलं तर बॅटरी उतरत नाही, पण तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर कोंडतो. आणि पाच-सात मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबा.

माझ्या गाडीत आता फ्यूजच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीने दोन निळे लावलेले आहेत. त्यांच्या शेजारी तो हिरवाही ठेवलाय, त्यावर मार्करने फुली मारून. इन्व्हर्टर भावाला परत दिला.